पहिलटकरीण

शनिवारी सकाळी नऊ वाजता
टोलेडोच्या वाचनालयाच्या तळघरात
मी लोकांना घर घ्यायला शिकवतो.
आठ तासांचा वर्ग, दुपारी सँडविच,
शेवटी एक प्रमाणपत्र. ते नसेल
तर शहराचे साडेसात हजार डॉलर मिळत नाहीत.

आज अकरा जण.
एक जोडपं, अजून एकमेकांचा हात न सोडणारं.
एक वेल्डर, ड्यूवेन, बसायला खुर्ची लहान पडते त्याला.
आणि मागच्या रांगेत व्हर्लीन स्टब्ज,
वय अठ्ठावन्न, हॉस्पिटलच्या लाँड्रीत रात्रपाळी,
थेट तिथूनच आलेली,
अंगाला गरम चादरींचा वास.

मी फळ्यावर लिहितो: डाउन पेमेंट.
खाली लिहितो: सहायता.
सांगतो, हे कर्जच आहे, पण फेडायचं नाही.
पाच वर्षं त्याच घरात राहा,
दर वर्षी पाचवा हिस्सा माफ.
मध्येच विकलंत तर उरलेले परत.
ड्यूवेन विचारतो,
माफ कशाबद्दल? आमचं चुकलं काय?
वर्ग हसतो. मीही.
दर महिन्याला कुणीतरी हे विचारतंच
आणि दर महिन्याला मी पुढच्या पानावर जातो.

मग व्हर्लीन हात वर करते.
'माझं घर होतं,' म्हणते, 'ऑबर्न अव्हेन्यूला.
अकरा वर्षं हप्ते भरले.
दोन हजार नऊ साली बँकेनं नेलं.
मी या वर्गात कशी?'

मी नियम वाचून दाखवतो:
मागच्या तीन वर्षांत ज्याच्या नावावर घर नाही,
त्याला पहिल्यांदा घर घेणारा समजावं.
समजावं.
सरकारी भाषेत कधीमधी
चुकून एखादा मायेचा शब्द शिरतो.

'म्हणजे या वयात मी पुन्हा पहिलटकरीण?'
'कागदावर,' मी म्हणतो.
'गेलं तेही कागदावरच होतं,' ती म्हणते
आणि वहीचं पान उलटते.

दुपारी तपासणीचा धडा.
घर बघायला गेलात की आधी काय बघाल?
जोडपं म्हणतं, स्वयंपाकघर.
ड्यूवेन म्हणतो, गॅरेज.
व्हर्लीन डोळे मिटूनच बोलते, मला वाटलं होतं झोपलीय.
आधी तळघरात उतरायचं.
दिवा लावायचा नाही लगेच.
ओल आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना.
भिंतीवर तळवा ठेवायचा,
नुसती गार असेल तर ठीक,
घामेजलेली असेल तर आल्या पावली परत.
पाणी कुठून बंद होतं ते विचारायचं,
विकणाऱ्याला सांगता आलं नाही
तर तो तिथे कधी राहिलेलाच नाही.
छताचं वय विचारायचं.
आपलं सांगायचं नाही.

चार लेकरं झालेली बाई
नव्या पोटुशींच्या घोळक्यात बसावी
तशी ती बोलत राहते,
कळा येणारच, पण श्वास कसा घ्यायचा, ते.
सगळे लिहून घेतात.
मीसुद्धा. मी भाड्यानं राहतो,
हे वर्गात कधी सांगितलेलं नाही.

हेही सांगितलेलं नाही आज
की या वर्षीच्या निधीत आता
नऊ जणांपुरतेच पैसे आहेत.
सांगायला हवं होतं. सोमवारी पत्र जाईल.

पाच वाजता प्रमाणपत्रं.
व्हर्लीन माझ्या पेनाकडे बघत उभी.
'स्टब्जमध्ये बी दोनदा येतो,' ती म्हणते.
'बँकेनं एकदाच लिहिला होता.
घर मात्र बरोबर माझंच नेलं.'

मी दोन बी लिहितो. ठळक.

सगळे गेल्यावर खुर्च्या रचतो,
दिवा मालवतो
आणि अंधारात जरा थांबतो, नाक वर करून.
या तळघरात ओल आहे.
सहा वर्षं शिकवतोय इथे.